दुसऱ्या टेबलावरची बाटली

१

पुंजाराम पिंगळेचं पत्र येऊन महिना होत आला होता आणि कारभारी निकमांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. उत्तर द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं नव्हतं. तीनदा ते कागद घेऊन बसले होते. तिन्ही वेळा 'प्रिय पुंजाराम' एवढं लिहून त्यांनी पेनाला टोपण लावलं, आणि कपाटातून एखादं जुनं पुस्तक काढून वाचत बसले.

पत्रात प्रश्न एकच होता. 'साहेब, आमच्या लॅबमध्ये केमिस्टची जागा रिकामी झाली. यादीत पहिलं नाव माझं. पण आता मंडळानं नवा नियम काढला, परीक्षेत जो पहिला येईल त्याला जागा. तुम्ही जन्मभर याद्या केल्या. तुम्हीच सांगा, मी परीक्षेला बसू, की जागा माझीच म्हणून अर्ज करू?'

दारणाकाठ पाणीपुरवठा मंडळाच्या आस्थापना शाखेत निकमांची सगळी नोकरी गेली. सेवाज्येष्ठतेची यादी करणं हे त्यांचं काम आणि तेच त्यांचं दैवतही. यादी कुणाचं तोंड बघत नाही, कुणाचा अपमान करत नाही. आधी आला तो वर, नंतर आला तो खाली. निवाडा करावा लागत नाही म्हणूनच त्यांना ती आवडायची. निवाडा करायची वेळ आली की त्यांच्या तळहाताला घाम यायचा.

"अहो, फोन वाजतोय," यशोदाबाई आतून ओरडल्या. "उचला की. फोन काय चावतो का?"

फोन धम्मपाल पगारेंचा होता. एकेकाळी निकमांच्या हाताखाली कारकून म्हणून लागलेला हा मुलगा पुढं स्पर्धा परीक्षा देऊन उपअभियंता झाला होता आणि आता नाशिकरोडच्या पलीकडचं मंडळाचं जलशुद्धीकरण केंद्र सांभाळत होता.

"सर, वाईट बातमी आहे. गेल्या आठवड्यातल्या परीक्षेत गडबड झाली. दुसरी उमेदवार संजना भोये, तिच्या बाटलीतल्या द्रावणात कुणीतरी पाणी घातलं. आळ पिंगळेंवर आलाय. सोमवारी चौकशी आहे. आरोप सिद्ध झाला तर बढती जाईलच, निवृत्तीच्या तोंडावर निलंबनही होईल."

निकमांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"आणि सर, बचावासाठी एखाद्या निवृत्त कर्मचाऱ्याला सोबत आणायची मुभा असते. पिंगळेंनी नाव दिलंय. तुमचं."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी निकम सिटीबसनं केंद्रावर उतरले तेव्हा ऑक्टोबरचं ऊन चढायला लागलं होतं. गाळण्यांच्या लांबच लांब टाक्यांवरून पाण्याचा आणि क्लोरीनचा वास येत होता.

धम्मपालांनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर उभे राहिले. निकम संकोचून अर्धेच टेकले.

"परीक्षा साधी होती, सर. रोज आम्ही करतो तीच जार टेस्ट. नदीचं गढूळ पाणी सहा जारमध्ये घ्यायचं, प्रत्येकात तुरटीचं द्रावण थोडं थोडं वाढवत घालायचं, ढवळायचं, आणि कुठल्या जारमध्ये गाळ नीट खाली बसतो ते बघायचं. त्यावरून आज पाण्याला तुरटी किती लागणार ते सांगायचं. पिंगळेंचं उत्तर बरोबर आलं. संजनाचं जवळजवळ दुप्पट."

"तिची चूक झाली असेल."

"तिची रीत मी ओळ न् ओळ तपासली. कुठं चूक नाही. मग मला शंका आली. परीक्षा संपल्यावर दोघांच्या बाटल्या त्यांच्या त्यांच्या नावानं सीलबंद केलेल्या होत्या, त्यातलं उरलेलं द्रावण मी तपासलं. पिंगळेंचं ठीक होतं. तिचं निम्मं पातळ. अर्धं ओतून देऊन पाणी भरलेलं. द्रावण पातळ, म्हणून जास्त घालावं लागलं."

"बाटल्या कुणी भरल्या?"

"मी. आदल्या दिवशी संध्याकाळी दोन्ही टेबलांवर एकेक ठेवली. लगेच चिठ्ठ्या टाकून टेबलं वाटली. संजनाला एक नंबर आला, खिडकीजवळचं. पिंगळेंना दोन नंबर, भिंतीकडचं. चिठ्ठ्यांच्या वेळी ते दोघं, लॅबची सफाई आणि कँटीनचा चहा बघणाऱ्या लताबाई आणि संघटनेचे प्रतिनिधी म्हणून चिमाजी बोराडे हजर होते. प्रयोगशाळेला कुलूप लावता येत नाही, रात्रपाळीला ती लागते."

"आणि सकाळी?"

"सकाळी मी मुद्दाम आत गेलो नाही. माझ्या केंद्रातली माणसं, मी कुणाची बाजू घेतली असं नको व्हायला. मुख्य कार्यालयातून एक परीक्षक आले होते. ते इथं कुणालाच ओळखत नव्हते." धम्मपालांनी टेबलाची कड चाचपली. "सर, तुम्हाला ही परीक्षा आवडलेली नाही, मला माहीत आहे."

निकम खाली बघत म्हणाले, "परीक्षा वाईट नाही हो. पण गुणवत्ता म्हणजे काय, हे ठरवणार कोण? आमच्या वेळी ते साहेब ठरवायचे."

"माझे वडील पंप अटेंडंट होते. त्यांच्या गोपनीय अहवालात दरवर्षी एकच शब्द, 'साधारण'. माणूस सणाच्या दिवशीसुद्धा पंप बंद पडू द्यायचा नाही. का साधारण, हे त्यांना कळत होतं आणि सगळ्या वस्तीला कळत होतं. तुमच्या यादीनं त्यांना एक बढती दिली, नाहीतर तीही मिळाली नसती. म्हणून यादीला मी नावं ठेवत नाही." त्यांनी खिडकीतून टाक्यांकडे पाहिलं. "पण मी खुर्चीवर आलो तो परीक्षेनं. जारमधल्या गाळाला कुणाचं आडनाव माहीत नसतं, सर. म्हणून मी ही परीक्षा मागून घेतली. आणि पहिल्याच वेळी ती अशी नासली."

निकमांनी विषय बदलला.

"पिंगळेंवरच आळ का?"

"त्या संध्याकाळी ड्युटी संपल्यावर ते प्रयोगशाळेत एकटे होते. तासभर. आणि काय करत होता म्हटलं तर सांगत नाहीत."

३

पुंजाराम कँटीनमागच्या लिंबाखाली बसला होता. दिंडोरीकडचा गडी, हाडापेरानं रुंद, पण आठवड्यात चेहरा पार उतरला होता.

"आलात साहेब? मला वाटलं, पत्राचं उत्तर नाय म्हंजे तुम्ही बी..."

"त्या संध्याकाळी तिथं काय करत होता?" निकमांनी घाईनं विचारलं. पत्राचा विषय त्यांना नको होता.

पुंजारामनं कानाची पाळी चोळली. "सांगायला लाज वाटती. सराव करत व्हतो. इतकी वर्सं रोज करतो ती टेस्ट, आन परीक्षा म्हटल्यावर हात कापाया लागले. शाळंतल्या पोरावानी. संजनानं बघितलं असतं तर काय म्हणली असती? माझ्या हाताखाली शिकली ती."

"तिच्या बाटलीला हात लावलात?"

"आईची आण, नाय. सराव मी जुन्या द्रावणावर केला." मग तो अचानक हसला. "पण परीक्षा झ्याक झाली, साहेब. ऊन नेमकं माझ्या जारवर पडलं व्हतं. गाळाचा कण न् कण दिसत व्हता."

निकमांनी मान डोलावली आणि ते कँटीनमध्ये शिरले. आत पाय ठेवताच एक दांडगा, पिकल्या मिशांचा माणूस उठून त्यांच्याकडे आला. तो चिमाजी बोराडे. प्लँट ऑपरेटर आणि संघटनेचा पुढारी.

"या या, निकम साहेब! ज्येष्ठतेचे महाराज आले, खुर्ची द्या रे! लताबाई, साहेबांना कट चहा, आणि बिस्कीट द्या, फुटकं नको." बसल्या बसल्या त्यानं टेबलावर थाप मारली. "बघितलंत ना, साहेब? काल आलेली पोर आणि पुंजा एका तराजूत घातले. पुंजाचे केस पिकले या टाक्यांवर. तुमची यादी होती तोवर भांडण होतं का?"

"भांडणं होती," निकम चाचरत म्हणाले. "फक्त यादीशी भांडता येत नव्हतं, एवढंच."

चिमाजी खदखदून हसला. "हे मात्र खरं. पण पुंजा निर्दोष आहे, मी लिहून देतो. मित्र आहे माझा, आम्ही एकाच दिवशी कामाला लागलो. सोमवारी दोनशे माणसं गेटवर उभी करतो की नाही बघा."

चहा घेऊन लताबाई आल्या. "तुम्ही आन तुमची दोनशे माणसं! परीक्षेच्या आधल्या दिवशी रातपाळीला आले तवा बी हेच. म्हणं, उद्या बघा, पुंजासारखा माणूस नापास झाला म्हंजे साऱ्यांच्या डोळ्यांत अंजन पडंल. त्यो तर पास झाला. पडलं का अंजन?"

"तुम्हाला राजकारण कळत नाही, लताबाई," चिमाजी म्हणाला आणि चहा बशीत ओतू लागला.

तेवढ्यात दाराशी पुंजाराम आला. कोपऱ्यातल्या पंख्याखाली एक तरुण मुलगी जेवणाचा डबा उघडून बसली होती. तिनं वर पाहिलं, डबा उचलला आणि शेजारच्या बाकावर सरकली. पुंजाराम पंख्याखाली बसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. आठ दिवसांपासून ते बोलत नव्हते, पण जागा मात्र तिनं दिली होती आणि त्यानं घेतली होती.

निकमांनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

४

संजना भोयेला त्यांनी बाहेर व्हरांड्यात गाठलं. हरसूलकडची मुलगी, एमएस्सी झालेली, चार वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली.

"पिंगळेकाका असं करतील असं मला वाटत नाही," ती म्हणाली. "पण मग कुणी केलं? माझं उत्तर चुकलं तेव्हा लोक काय म्हणाले ठाऊक आहे का, सर? 'पुस्तकी पोरगी, पाण्याची काय पारख.' आणि बाटली पातळ निघाली तर तेच लोक म्हणाले, 'हिनंच काहीतरी केलं असेल.' पास झाले तर कोट्यातली, नापास झाले तर पुस्तकी. मला ती जागा पाहिजे, सर. पण चोरलेली नको आणि दिलेली पण नको."

"एक विचारू?" निकम खालच्या आवाजात म्हणाले. "मगाशी पंख्याखालून का उठलात?"

ती गोंधळली. "कुठं? ... अहो, काका आले ना. मोठं माणूस आलं की उठतोच आपण."

"परीक्षेच्या दिवशीही उठलात?"

"हो. खिडकीत उजेड चांगला येतो आणि काकांना अलीकडं कमी दिसतं. ते नको नको म्हणत होते. मी म्हटलं, बसा तुम्ही, मी बसते भिंतीकडं. मी नाही बसले तर वाईट दिसलं असतं."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"यात सांगण्यासारखं काय आहे, सर?"

लताबाईंनाही त्यांनी हेच विचारलं. "हो की, बदलल्या जागा. मी तिथंच जार पुसत व्हते. त्यात काय सांगायचं? पोरीला वळण हाय."

निकम पायऱ्यांवर बसले. साऱ्या केंद्रानं आठ दिवस या प्रकरणाचा कीस पाडला होता. ही एक गोष्ट मात्र कुणाच्या तोंडून निघाली नव्हती, कारण इथल्या माणसांच्या लेखी ती घडलेलीच नव्हती. धाकट्यानं उठायचं आणि थोरल्यानं बसायचं, ते काय कुणी सांगतं?

पण म्हणजे पातळ केलेली बाटली भिंतीकडच्या टेबलावर होती. संजनासाठी नाही. ती पुंजारामसाठी ठेवलेली होती.

५

ते पायरीवरच बसलेले होते. मनात एक आवाज म्हणत होता, कारभारी, घरी जा. तू क्रम लावणारा माणूस, तुला निवाडा कशाला जमतोय? मग त्यांच्या लक्षात आलं की इथंही क्रमच लावायचा आहे. एकेकाचं नाव घ्यायचं आणि ते नाव तिथं बसतं का ते बघायचं.

टेबलं कुणाची कुठली, हे चिठ्ठ्यांच्या वेळी हजर असलेल्या पाच जणांनाच ठाऊक होतं. त्यातला पुंजाराम आपलीच बाटली नासवणार नाही. संजनानं ती नासवली असती तर सकाळी स्वतःहून त्या टेबलावर जाऊन बसली नसती. लताबाई जार पुसत तिथंच उभ्या होत्या. त्यांनी केलं असतं तर जागा बदलताना त्या गप्प राहिल्या नसत्या. धम्मपालांनी केलं असतं तर त्यांना उरलेलं द्रावण तपासायची गरजच नव्हती. सगळे संजनाला नापास धरून बसले होते आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं.

उरला एक. रात्रपाळी करून सकाळी सातला घरी गेलेला माणूस. जागा बदलल्या हे त्याला कळणं शक्यच नव्हतं. आणि परीक्षेच्या आदल्याच दिवशी तो म्हणाला होता, पुंजासारखा माणूस नापास झाला म्हणजे...

निकमांना वाटलं, आपलं चुकलं असलं तर बरं.

चिमाजी गाळणीच्या टाकीच्या कठड्यावर विडी ओढत उभा होता. निकम शेजारी जाऊन उभे राहिले. कसं सुरू करावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी पाण्याकडे बघतच सगळं सांगितलं, जागांच्या अदलाबदलीपासून शेवटपर्यंत.

चिमाजीची विडी बोटांत विझली. "जागा बदलल्या?" तो इतकंच म्हणाला. "पोरीनं जागा दिली त्याला?"

"हो."

"अन् मी आठ दिवस विचार करत होतो, पुंजा पास झालाच कसा!" तो हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. "साहेब, तुम्हाला तरी पटलं पाहिजे. हा नियम एकदा रुजला की आमच्या वयाची माणसं संपली. आज केमिस्ट, उद्या फोरमन, परवा ऑपरेटर. मला एक दाखला पाहिजे होता. ज्याला सारं मंडळ मानतं तो माणूस या परीक्षेत आपटला, म्हणजे परीक्षाच खोटी! मी कोर्टात गेलो असतो. नियम गेला असता आणि जागा यादीनं पुंजालाच मिळाली असती. दोन महिने मान खाली घालावी लागली असती, एवढंच."

"कुणाला?"

चिमाजीनं विझलेली विडी पुन्हा तोंडाला लावली.

"मान कुणाला खाली घालावी लागली असती, चिमाजीभाऊ? त्याला विचारलं होतं?"

"ज्येष्ठतेसाठीच केलं मी."

"ज्येष्ठता म्हणजे ज्येष्ठ माणूस ना?" निकम पहिल्यांदाच त्याच्याकडे वळले. "मीही इतकी वर्षं यादीच बघितली, माणूस बघितला नाही. पण आज तो माणूस चोर ठरतोय आणि तुम्ही त्याच्यासाठी गेटवर दोनशे माणसं उभी करताय."

टाकीतलं पाणी शांतपणे आतल्या काठावरून खाली सांडत होतं. चिमाजीनं विझलेली विडी खिशात टाकली. "सोमवारपर्यंत कशाला थांबायचं," तो म्हणाला आणि धम्मपालांच्या केबिनकडे चालू लागला. अर्ध्या वाटेत तो वळला. "पुंजाला आधी मी सांगणार, साहेब. तुम्ही नाही."

६

पुंजारामवरचा आळ गेला. चिमाजीवर कारवाई सुरू झाली आणि संघटनेचं पद त्यानं स्वतःहून सोडलं. परीक्षा रद्द होऊन पुन्हा जाहीर झाली, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी.

पेढ्यांचा पुडा घेऊन पुंजाराम घरी आला तेव्हा निकम वाचत होते. तो सतरंजीवरच बसला.

"माझं नाव धुतलं गेलं साहेब, लय झालं. आता परीक्षा नको. चिमाजीनं खरं त्वांड दाखवलं तवापासून जीव इटलाय. वकील म्हणतो, अर्ज करा, पहिली परीक्षा नासली, यादीनं जागा तुमचीच. संजना बी कालच म्हणली, काका, तुम्ही अर्ज केलात तर मी आडवी येणार नाय." त्यानं पेढ्यांचा पुडा पुढं सरकवला. "तुम्ही अजून सांगितलं नाय. बसू का अर्ज करू?"

निकमांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "लिहून कळवतो," ते म्हणाले.

तो गेल्यावर यशोदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "माणूस समोर बसला होता, तेव्हा तोंडात काय गुळणी धरली होती? आता तरी फोन करा."

"फोनवर मला नाही जमत."

"नोकरीत जमलं नाही, संसारात जमलं नाही, फोनवर तरी कसं जमणार!" असं म्हणत त्यांनीच कागद आणून टेबलावर ठेवला, आणि वर चहाही.

या वेळी निकमांनी टोपण लावलं नाही.

'प्रिय पुंजाराम,

परीक्षेला बसावं.

जागा तुम्हालाच मिळेल असं मी म्हणत नाही. संजना भोये हुशार आहेत. त्यांना मिळाली तर तुम्हाला वाईट वाटेल, ते वाटू द्यावं. अर्ज केलात तर जागा बहुतेक तुमची होईल, आणि नियमानं ते चूकही नाही. मी स्वतः अशाच पाच बढत्या घेतल्या. प्रत्येक वेळी पेढे वाटले. पण मी त्या जागांना लायक होतो, की फक्त माझ्या पुढचे निवृत्त झाले, हे मला आजतागायत कळलेलं नाही. घरातल्या माणसांना, कपाटातल्या पुस्तकांना, कुणालाच मी हे विचारू शकलो नाही. विचारायची वेळ निघून गेली.

तुमची गेलेली नाही. हात कापले तर कापू द्या.

तुमचा,
कारभारी निकम'

त्यांनी ते एकदाच वाचलं. पुन्हा वाचलं असतं तर ते फाडलं असतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. पाकिटावर तिकीट चिकटवून ते चपला घालून निघाले. पोस्टाजवळच्या लाल पेटीपाशी भाजीवालीनं टोपली टेकवली होती. तिला सरकायला सांगायचंही त्यांना अवघड वाटलं. तरी ते म्हणाले, "बाई, जरा सरकता का?" ती सरकली. त्यांनी पत्र पेटीत टाकलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकला.